फुग्यातून फिल्म: ब्लोन फिल्म एक्स्ट्रूजनबद्दल खान्देशात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावच्या एमआयडीसीत फिल्मचा कारखाना चालवताना रोज कुणी ना कुणी विचारतंच. रावेर-यावलचे केळी बागायतदार विचारतात, शहाद्याचे पपईवाले विचारतात, डाळ मिलचे खरेदीवाले विचारतात आणि नुकतीच डिप्लोमाची परीक्षा दिलेली मुलंही विचारतात. वरचेवर येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ज्या प्रश्नात तुमचा पैसा आणि पीक गुंतलेलं आहे, तिथे जास्त लिहिलं आहे.

ब्लोन फिल्म म्हणजे नेमकं काय?

पॉलिथिनचा दाणा वितळवायचा, गोल डायच्या (म्हणजे साच्याच्या) बारीक फटीतून तो नळीच्या आकारात वर काढायचा, त्या नळीत हवा भरून ती फुगवायची आणि बाहेरून गार हवा मारून थिजवायची. मग हा फुगा वर नेऊन दाबून धरणाऱ्या दोन रोलांमध्ये (यांना निप रोल म्हणतात) चपटा करायचा आणि खाली आणून गुंडाळायचा. मल्चिंग पेपर (पिकाच्या वाफ्यावर अंथरायची फिल्म), केळीच्या घडाची पिशवी, मुरघासाची बॅग, दुधाची पिशवी, खताच्या गोणीचं आतलं अस्तर आणि डाळीच्या पुड्याचा आतला थर, असं बरंच काही या फुग्यातूनच निघतं.

पाइप, ठिबकची नळी, चटई यांनाही एक्स्ट्रूजनच म्हणतात. मग फरक काय?

सुरुवात सगळ्यांची सारखीच असते. दाणा हॉपरमधून बॅरलमध्ये पडतो, फिरणारा स्क्रू त्याला पुढे ढकलतो, दाबतो, वितळवतो आणि तोंडाशी बसवलेल्या डायमधून बाहेर काढतो. शेवेच्या सोऱ्यात चकती बदलली की शेव, पापडी, चकली होते, तसंच इथे डाय बदलली की वस्तू बदलते. पाइपच्या डायमधून जाड नळी निघते आणि ती पाण्याच्या टाकीतून गार होत जाते. चटईसाठी बारीक नळ्या काढून त्या मागावर विणतात. फिल्ममध्ये मात्र नळी मऊ असतानाच ताणली जाते, उभीही आणि आडवीही. हा ताण हाच ब्लोन फिल्मचा प्राण आहे, कारण फिल्मची ताकद त्यातून येते.

दाणा कोणता लागतो? एलडी, एलएल, एचएम हे काय प्रकरण आहे?

तिन्ही पॉलिथिनच. १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआयच्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन यांना प्रचंड दाबाखाली पॉलिथिन पहिल्यांदा सापडलं. त्याच वाटेने आजचं एलडी, म्हणजे कमी घनतेचं पॉलिथिन, बनतं. त्याच्या रेणूसाखळीला लांब फांद्या असतात, त्यामुळे वितळल्यावरही ते धरून राहतं, फुगा स्थिर बसतो आणि फिल्म मऊ, पारदर्शक निघते. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी कमी दाबावर पॉलिथिन बनवायची रीत शोधली आणि एचडी, म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिन, आलं. त्यातला जास्त रेणुभाराचा प्रकार म्हणजे बाजारातलं एचएम. हाताळलं की कागदासारखी कुरकुरणारी पातळ फिल्म याचीच.

एलएल म्हणजे लिनिअर एलडी. टोचलं तरी लवकर फाटत नाही, ताणलं तर लांबवर ताणतं. फुगवताना मात्र ते डुलतं, म्हणून त्यात थोडं एलडी मिसळतात. मल्चिंगला, घडाच्या पिशवीला आणि अवजड पॅकिंगला एलएल भरपूर असलेलं मिश्रण बरं. दिसायला नितळ, चकचकीत पिशवी हवी असेल तर एलडी वाढवायचं.

दाण्याच्या गोणीवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स) लिहिलेला असतो. १९० अंशांवर २.१६ किलो वजनाखाली १० मिनिटांत किती ग्रॅम वितळलेला माल ठरावीक छिद्रातून वाहतो, तो हा आकडा. आकडा लहान असेल तर माल घट्ट आणि फिल्म मजबूत. मोठा असेल तर माल पातळ वाहतो, मशीन हलकं चालतं, पण फुगा ढिला पडतो. फिल्मसाठी चाललेला दाणा आणि बादल्या-मग ओतायचा दाणा दिसायला सारखाच असतो. स्वस्त मिळाला म्हणून दुसरा आणला तर फुगा उभाच राहणार नाही.

मशीन सुरू कसं करतात? फुगा पहिल्यांदा उभा कसा राहतो?

बघण्यासारखं आहे हे काम. हीटर लावून बॅरल आणि डाय तापायला वेळ द्यावा लागतो. जाड डायच्या आतपर्यंत उष्णता पोचायला तासच्या तास जातात आणि इथे घाई केली तर स्क्रू किंवा गिअर बॉक्स मोडतो. एलडीसाठी बॅरल साधारण १५० ते १८० अंशांवर, एलएलसाठी १८० ते २१० च्या आसपास आणि एचएमसाठी त्याच्याही थोडं वर.

स्क्रू हळू फिरवला की डायच्या गोल फटीतून मधासारखा माल वर येऊ लागतो. सुरुवातीला तो एका बाजूने जास्त, एका बाजूने कमी येतो. ऑपरेटर जाड हातमोजे घालून तो गोळा करतो, त्याचं तोंड एकत्र दाबतो आणि वरच्या रोलांमधून आधीच खाली सोडलेल्या दोरीला किंवा जुन्या फिल्मच्या टोकाला बांधतो. वर मचाणावर दुसरा माणूस असतो. तो हळूहळू ओढतो आणि खालचा डायच्या मधल्या छिद्रातून हवा सोडतो. नळीचं टोक निप रोलमध्ये पकडलं गेलं की वरचं तोंड बंद होतं, खाली वितळलेला माल असतो आणि मधे हवा कोंडली जाते. साध्या मशीनवर त्यानंतर हवा सतत भरावी लागत नाही. एकदा भरलेली हवा फुग्यात राहते आणि फिल्म तिच्यावरून सरकत वर जाते. नवीन मुलांना हे पहिल्यांदा दिसलं की ते हमखास थांबून बघतात.

फिल्मची रुंदी आणि जाडी कशी ठरते?

रुंदी फुग्याच्या व्यासावर ठरते. फुग्याचा व्यास भागिले डायचा व्यास, याला ब्लो-अप रेशो म्हणतात. एलडी-एलएलला तो बहुधा २ ते ३ ठेवतात, एचएमला ४ च्या आसपास.

मल्चिंगचं उदाहरण घेऊ. १.२ मीटर रुंदीचे दोन रोल एकाच वेळी काढायचे तर फुग्याचा घेर २.४ मीटर हवा, म्हणजे व्यास सुमारे ७६४ मिलिमीटर. डाय ३०० मिलिमीटरची असेल तर रेशो अडीचच्या जरा वर जातो. चपट्या झालेल्या नळीच्या दोन्ही कडा ब्लेडने कापल्या की दोन सलग पट्टे मिळतात.

जाडी तीन गोष्टींनी ठरते: फटीतून किती माल येतो, तो आडवा किती फुगतो आणि वरचे रोल त्याला किती वेगाने ओढतात. समजा, डायची फट दीड मिलिमीटर आहे, म्हणजे १५०० मायक्रॉन. आपल्याला हवेत २५ मायक्रॉन. माल ६० पट पातळ व्हायला हवा. त्यातले अडीच पट फुगवण्यातून गेले, उरलेले २४ पट ओढण्यातून. म्हणजे ढोबळमानाने फटीतून माल ज्या वेगाने बाहेर पडतो, त्याच्या २४ पट वेगाने रोल तो ओढून नेतात. ताशी १०० किलो माल निघत असेल तर ही फिल्म मिनिटाला सुमारे ३० मीटर धावते आणि ४०० मीटरची रोलची जोडी सव्वा तेरा मिनिटांत उतरते.

इथेच एक जोखीम आहे. ओढणं खूप आणि फुगवणं कमी असेल तर रेणू उभे लागतात आणि फिल्म लांबीच्या दिशेने चर्रकन फाटते. दुकानात रोल घेताना कोपऱ्याला छोटा काप देऊन एकदा उभी, एकदा आडवी फाडून बघा. एका बाजूने लगेच फाटली आणि दुसऱ्या बाजूने अडली, तर ती फिल्म शेतात वाऱ्यावर टिकायची नाही.

फ्रॉस्ट लाइन कशाला म्हणतात?

डायमधून निघालेला माल काचेसारखा स्वच्छ दिसतो. वर जाता जाता एका उंचीवर तो धुरकट होतो, कारण तिथे पॉलिथिनचे स्फटिक बनतात आणि माल थिजतो. तो पट्टा म्हणजे फ्रॉस्ट लाइन. त्याच्या खाली फिल्म अजून ताणली जाते, वर तिचं माप पक्कं झालेलं असतं.

आम्ही ऑपरेटरला सांगतो, मीटरपेक्षा आधी ही रेघ बघ. ती चारी बाजूंनी एका पातळीत असेल तर थंडावा सारखा आहे. एका बाजूने वर चढली असेल तर तिथे हवा कमी लागते आहे किंवा माल जास्त येतो आहे आणि त्या बाजूची जाडी बिघडलीच समजा. एचएमला ही रेघ मुद्दाम बरीच वर ठेवतात. नळी बराच वेळ अरुंद मानेसारखी वर जाते आणि मग एकदम फुगते. त्यातून पातळ असूनही मजबूत फिल्म मिळते.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा उत्पादनावर काय परिणाम होतो?

खूप, आणि मशीन विकणारे याबद्दल पुरेसं बोलत नाहीत.

या सगळ्या कारखानदारीत वेग अडतो तो थंड होण्यावर. स्क्रू जास्त माल देऊ शकतो, मोटर ओढू शकते, पण फुगा थिजला नाही तर सगळं वाया. डायच्या भोवती बसवलेली एअर रिंग फुग्यावर चारी बाजूंनी हवा मारते. जानेवारीत पहाटे ही हवा आपोआप गार असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये डायजवळची हवा त्याहून तापलेली असते. तीच हवा ब्लोअर ओढतो आणि फुग्यावर मारतो. फ्रॉस्ट लाइन वर चढते, फुगा डुलायला लागतो, जाडी कमीजास्त होते. फिल्म गरम असतानाच रोलवर गुंडाळली जाते, रात्रीतून ती आकसते, रोल आवळतो आणि आतले पदर एकमेकांना चिकटतात. गिऱ्हाइकाकडे जाऊन रोल उलगडला जात नाही, तेव्हा कळतं.

उपाय तीन आहेत. पहिला, वेग कमी करणं. उन्हाळ्यात दुपारच्या पाळीत आम्ही स्क्रूचे फेरे उतरवतो आणि नाजूक माल रात्री काढतो. दुसरा, चिलर लावून ब्लोअरची हवा १०-१५ अंशांपर्यंत गार करणं. तिसरा, फुग्याच्या आतली गरम हवा सतत काढून गार हवा आत सोडणारी यंत्रणा, तिला आयबीसी म्हणतात. ती महाग पडते, पण मोठ्या लाइनवर पैसे वसूल होतात. नवीन युनिट टाकणाऱ्या प्रत्येक भावाला माझं कळकळीचं सांगणं आहे: मशीनची क्षमता ताशी किती किलो, हे विचारताना मे महिन्यात किती, हेही विचारा. नफ्याचं गणित त्या आकड्यावर मांडा.

पावसाळ्याची अडचण वेगळी. चिलरच्या गार नळांना घाम सुटतो आणि त्याचा एक थेंब फुग्यावर पडला तरी भोक पडतं. म्हणून नळांना जाड वेष्टन हवंच. मास्टरबॅच, म्हणजे रंग घालण्यासाठीचा घट्ट दाणा, ओल धरतो, तो वापरण्याआधी सुकवावा लागतो. हिवाळ्यात कोरड्या हवेने फिल्मवर स्थिर वीज साठते, हाताला चटके बसतात आणि धूळ चिकटते.

मल्चिंग पेपर २५ मायक्रॉन म्हणून विकतात. तो खरंच तेवढा आहे का, हे शेतकऱ्याने कसं ओळखायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे रोज फसवणूक होते.

साधा उपाय वजनकाटा आहे. लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी गुणिले घनता, एवढंच गणित. ४०० मीटर गुणिले १.२ मीटर म्हणजे ४८० चौरस मीटर. २५ मायक्रॉन जाडी आणि ०.९२ घनता धरली तर वजन ११ किलोच्या जरा वर येतं, आतली पुठ्ठ्याची नळी सोडून. २० मायक्रॉनचा रोल ८ किलो ८०० ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे रोलमागे सव्वादोन किलो माल कमी आणि भाव तोच. वाफे सहा फुटांवर असतील तर एकराला साडेपाच रोलांच्या आसपास लागतात. हिशेब तुम्हीच करा.

वजन बरोबर भरलं तरी थांबा. काही जण चुनखडीची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं फिलर जास्त घालतात. ते जड असतं, घनता २.७ च्या आसपास. शंभरात १० भाग फिलर पडलं की फिल्मची घनता ०.९२ वरून ०.९८ च्या वर जाते. वजन पूर्ण दिसतं, पण जाडी आणि चिवटपणा कमी. याची परीक्षा घरी होते. फिल्मचा छोटा तुकडा साबणाच्या पाण्यात नीट भिजवा आणि त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने काढून टाका. पॉलिथिन पाण्यावर तरंगतं. तुकडा तळाशी गेला तर त्यात वजनाच्या बाराव्या-तेराव्या टक्क्यापलीकडे भुकटी किंवा रंग भरला आहे, असं समजा.

जाडी मोजायचीच असेल तर दहा पदर एकत्र धरून मायक्रोमीटरवर मोजा आणि दहाने भागा. एकाच जागी मोजू नका, रुंदीभर पाच-सहा ठिकाणी मोजा. चांगल्या फिल्ममध्ये आकडे जवळजवळ असतात. एक जागा ३० आणि शेजारची १८ असेल तर सरासरी २४ येईल, पण फाटायची ती १८ वरच फाटेल.

गेज आणि मायक्रॉन यांचा हिशेब काय?

१०० गेज म्हणजे साधारण २५ मायक्रॉन, ४०० गेज म्हणजे १०० मायक्रॉन.

चंदेरी-काळा मल्चिंग एकाच फिल्मला दोन रंग कसे घेतो?

त्यासाठी को-एक्स्ट्रूजन लागतं. दोन किंवा तीन स्क्रू वेगवेगळा माल वितळवतात आणि एकाच डायमध्ये ते थर एकमेकांना लागून बाहेर पडतात. वितळलेले थर तिथेच जुळतात, त्यामुळे चिकटवायला वेगळा डिंक लागत नाही. चंदेरी बाजू वर ठेवायची. ती ऊन परतवते, आणि त्या चमकेमुळे मावा, पांढरी माशी, फुलकिडे पिकावर कमी बसतात. काळी बाजू खाली, म्हणजे तणाला उजेड मिळत नाही. टरबूज, मिरची, पपईला खान्देशात हाच पेपर चालतो. आम्हाला विचारता तर काळ्या थरात कार्बन ब्लॅक नीट पसरलेला असणं हे रंगाच्या चमकेपेक्षा महत्त्वाचं. तोच उन्हापासून फिल्मला वाचवतो. उन्हाकडे धरून बघा, सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर मास्टरबॅच नीट मिसळलेला नाही.

तीन थरांच्या फिल्मचा दुसरा फायदा म्हणजे प्रत्येक थराला वेगळं काम देता येतं. दुधाच्या पिशवीत मधला थर ताकदीचा, आतला लवकर सील होणारा, बाहेरचा छपाई घेणारा. पाच-सात थरांच्या लाइनवर मध्ये नायलॉन किंवा ईव्हीओएच घालून वास आणि ऑक्सिजन अडवणारी फिल्म काढतात.

केळीच्या घडाला घालायच्या पिशवीत काय बघायचं?

थंडीच्या दिवसांत रावेर-यावल पट्ट्यात पारा उतरला की घड पोसत नाही, सालीवर चट्टे पडतात. पिशवी त्याला ऊब देते आणि धूळ, पानांचं घासणं, किडे यांपासून वाचवते. इथे जाडीपेक्षा छिद्रं महत्त्वाची. कृषी सल्ल्यात २ ते ६ टक्के सच्छिद्रता सांगतात. छिद्रं नसतील तर आत पाणी सुटतं आणि बुरशी येते. छिद्रं फुगा चपटा झाल्यावर गुंडाळण्याआधी पाडतात. ती कडेपर्यंत सारखी आहेत का, ते बघा. पिशवी नळीच्याच रूपात निघते, बाजूला शिवण किंवा सील नसतं. म्हणूनच ती घडावर सहज चढते आणि बाजूने उसवत नाही. निळ्या कापडासारखी पिशवी मिळते, ती पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यांची नॉन-वोव्हन असते. ती फुग्यातून निघत नाही, तिचं तंत्र वेगळं.

निर्यातीच्या खोक्यात केळीभोवती जी पातळ पिशवी असते, ती मात्र ब्लोन फिल्मच. तिथे कोरा (आधी न वापरलेला) दाणा आणि अन्नासाठी चालणाऱ्या प्लास्टिकचं आयएस १०१४६ हे मानक, याबाबत तडजोड करू नये.

शेततळ्याचा कागद यातूनच बनतो का?

५०० मायक्रॉनचा सलग काळा कागद मोठ्या डायच्या ब्लोन लाइनवर बनतो, आणि सपाट डायच्या लाइनवरही. विणलेल्या पट्ट्यांवर दोन्हीकडून पातळ थर चढवलेला कागद वेगळा, त्याला आत जाळीसारखी वीण दिसते. दोन्हींचे पट्टे गरम पाचरीच्या यंत्राने जोडतात. तळं गळतं ते बहुतेक वेळा जोडावर किंवा खालच्या दगडावर.

फिल्ममध्ये दिसणारे दोष कशामुळे येतात?

माशाच्या डोळ्यासारखे दिसणारे बारीक पारदर्शक गोळे, ज्यांना आम्ही जेल किंवा फिश-आय म्हणतो, ते न वितळलेल्या किंवा जास्त शिजून गाठी झालेल्या मालाचे असतात. काळे ठिपके जळालेल्या मालाचे. आपल्याकडे वीज मध्येच गेली की फुगा बसतो आणि बॅरलमधला माल जागीच तापत राहतो. वीज आल्यावर निघणारा पहिला माल काळ्या ठिपक्यांचा असतो. तो बाजूला काढून पूर्ण साफ होईपर्यंत रोल लावायचा नसतो. इथेच काही ठिकाणी घाई होते आणि तो माल चांगल्या रोलच्या पोटात गुंडाळला जातो. जेल आणि कचरा अडवण्यासाठी स्क्रूच्या पुढे तारेच्या जाळ्या असतात. जाळी वेळेवर बदलली नाही तर दाब वाढतो आणि कधी जाळी फाटून सगळी घाण एकदम पुढे येते.

फिल्मच्या लांबीभर सरळ रेघ असेल तर डायच्या ओठावर काही चिकटलं आहे. ते पितळेच्या पट्टीने काढायचं, लोखंडाने नाही, ओठाला ओरखडा पडला तर ती रेघ कायमची. पृष्ठभाग माशाच्या खवल्यांसारखा खरखरीत आला तर एलएल अरुंद फटीतून फार वेगाने ढकललं जातं आहे. फट वाढवा, तापमान थोडं वाढवा किंवा माल सहज सरकवणारं प्रोसेसिंग एड घाला.

रोलवर एका जागी उंचवटा येतो तो जाडीतल्या फरकाचा. हजारो वेढे एकावर एक बसले की दोन मायक्रॉनचा फरकही हाताला लागतो. चांगल्या लाइनवर वरचा निप रोलचा सांगाडा हळूहळू उलटसुलट फिरत राहतो, म्हणजे जाड जागा एकावर एक न पडता रोलभर पसरते. फरक त्याने जात नाही, फक्त विखुरतो.

छपाई का निघून जाते?

पॉलिथिनला शाई धरत नाही. म्हणून गुंडाळण्याआधी फिल्मवर कोरोना ट्रीटर चालवतात, उच्च दाबाच्या विजेने तिचा पृष्ठभाग शाई पकडण्याजोगा होतो. मोजमाप डाइनमध्ये असतं. छपाईला निदान ३८ डाइन हवेत. हा परिणाम दिवसागणिक उतरतो, म्हणून ट्रीट केलेला रोल महिनोन् महिने गोदामात ठेवू नये. पदर सहज सुटावेत म्हणून घातलेलं स्लिप जास्त झालं तरी ते वर येऊन शाई सोडवतं. ट्रीटरमधून ओझोन निघतो, त्यासाठी बाहेर जाणारा पंखा हवाच.

रिप्रोसेस दाणा वापरणं चुकीचं आहे का?

रिप्रोसेस म्हणजे वापरलेलं प्लास्टिक वितळवून परत केलेला दाणा. तो वापरणं चुकीचं नाही. स्वतःच्याच कारखान्यातल्या कडा आणि सुरुवातीचा माल परत वापरणं तर शहाणपणाचंच. कचऱ्याच्या पिशव्या, बांधकामाचा कागद यांत रिप्रोसेस चांगला चालतो. आक्षेप आहे तो न सांगता वापरण्याला. कोऱ्या दाण्याच्या भावात रिप्रोसेस विकणं ही फसवणूक आहे. वास घेऊन बघा, हाताला तेलकट लागतो का बघा, उजेडात गाठी दिसतात का बघा. अन्नाला लागणाऱ्या पिशवीत असा अज्ञात माल जाताच कामा नये.

आता कॅरीबॅगचं उत्पादन करता येतं का?

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या कॅरीबॅगचं उत्पादन, विक्री आणि वापर यांवर बंदी आहे. केंद्राच्या नियमांत जाडीची मर्यादा ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. तो आकडा दाखवून आपल्या राज्यात सूट आहे असं सांगणाऱ्यांवर विसंबू नका. रोपवाटिका, फलोत्पादन आणि शेतीसाठीच्या कंपोस्टेबल, म्हणजे कुजणाऱ्या, पिशव्या व शीट यांना राज्याच्या अधिसूचनेत सवलत आहे, मात्र त्यावर तसा स्पष्ट छापील उल्लेख लागतो. युनिट टाकण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात जाऊन आजचे नियम बघून घ्या.

हे काम शिकायचं कुठे?

जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत प्लास्टिक टेक्नॉलॉजीचं शिक्षण आहे. छत्रपती संभाजीनगरला सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक शिक्षण संस्थेचं केंद्र आहे, तिथे दहावीनंतरचे डिप्लोमाही होतात. पण फुगा पुस्तकातून कळत नाही. डिग्री असलेल्या मुलांनाही आम्ही सुरुवातीला मशीनवरच उभं करतो. जुना ऑपरेटर फिल्मच्या आवाजावरून, हाताला लागणाऱ्या गरमीवरून सांगतो की पुढच्या दहा मिनिटांत काय होणार. त्याच्या शेजारी उभं राहून शिकायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

घरच्यांनी मुलाला पाठवताना एवढं विचारावं: निप रोलला आणीबाणीत थांबवायची दोरी किंवा बटण आहे का, वर चढायच्या मचाणाला कठडा आहे का, हातमोजे मिळतात का. वितळलेलं पॉलिथिन कातडीला चिकटतं आणि झटकून निघत नाही. चटका बसला तर ओढून काढू नका, आधी भरपूर पाण्याखाली धरा आणि दवाखाना गाठा.

हंगाम संपल्यावर मल्चिंग पेपर शेतातच नांगरला तर काय होतं?

तो कुजत नाही. तुकडे होतात, ते मातीत राहतात, पाण्याची आणि मुळांची वाट अडवतात, आणि दरवर्षी त्यात भर पडत जाते. पातळ पेपरचा मोठा तोटा इथे आहे: पीक निघेपर्यंत तो उन्हाने ठिसूळ होतो आणि ओढायला गेलं की हातात चिंध्या येतात. पुरेशा जाडीचा, उन्हाला टिकेल असा पेपर अखंड निघतो. टरबुजाचा तोडा झाला की ठिबकच्या नळ्या गुंडाळा, वेल वाळू द्या आणि कडेची माती आधी मोकळी करून पेपर सकाळच्या गारव्यात ओढा. दुपारी तो मऊ पडून ताणतो आणि तुटतो. झटकून, माती काढून बांधलेला गठ्ठा रिप्रोसेसवाला घेतो. मातीने भरलेला गठ्ठा तो घेत नाही, कारण धुण्यातच त्याचा नफा जातो. जाळू तर मुळीच नका. कुजणारा पेपर हवाच असेल तर कंपोस्टेबल प्रमाणपत्र असलेलाच घ्या. तो पीबीएटीसारख्या मालापासून याच फुग्याच्या मशीनवर बनतो, पण गोदामात वर्षभर पडून राहिला तर आपोआप कमकुवत होतो, म्हणून लागवडीच्या तोंडावर ताजा आणावा.